अंगठ्यांची भिंत आणि माझी सही

ये अशी, जवळ सरकून बस. कान धरणार नाही, पण धरावा असंच वागली आहेस तू. गेल्या आठवड्यात फोनवर म्हणालीस, "आत्या, सही करून टाक ना, त्यात काय एवढं?" आणि मी तोंड उघडायच्या आत तुला दुसरा फोन आला. वर तुझ्या आईला कळवलंस, की आत्या हट्टी झाली आहे. वहिनीचा लगेच मला पुण्याहून मेसेज, "वन्सं, हट्ट कसला धरलाय?" बघ, तुमच्या आइंधोव्हनहून निघालेली बातमी पुण्याला जाऊन इकडे रॉटरडॅमशेजारी कापेलला परत आली, आणि तुला सव्वा तासाची गाडी पकडून येणं झालं नाही. जावईबापूंच्या चिपच्या कारखान्याला सुट्टी नसेल, पण तुला असते ना शनिवार-रविवार?

आता तू समोर नाहीस, म्हणून वहीत लिहिते. माझं लिहिणं तुला ठाऊक आहे, बोलते तसंच. चौथीला शाळा सुटली. पुढचं सगळं ब्लाउज शिवता शिवता शिकले. मापाच्या वहीत छाती, मुंढा, बाही हे लिहायचं आणि वर जिचं तिचं नाव लिहायचं. नावात चूक झाली की एकीचा ब्लाउज दुसरीला जायचा आणि मग जिन्यात महाभारत. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ जाऊ दे, पण नाव लिहायला मी कधी चुकले नाही. तू निम्मी गोष्ट ऐकून मोकळी झालीस, म्हणून पहिल्यापासून सांगते. मध्ये बोलू नकोस.

तुझे काका गेल्यापासून माझं आयुष्य तीन-तीन महिन्यांचं झालं आहे. तीन महिने इथे मुलाकडे, तीन महिने तिकडे सिंहगड रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये. हॉलंडचा व्हिसा तेवढाच मिळतो. इथली भांडी कुठल्या कपाटात आहेत ते लक्षात राहायला लागलं की बॅग भरायची, आणि तिथे गेलं की चहाची साखर शोधत बसायचं. मुलगा म्हणाला, हे काही खरं नाही, आपण तुझ्या कायम राहण्याचा अर्ज करू. केला. नामंजूर झाला. कारण काय, तर कागदावर लिहिलं होतं, की आई आणि मोठ्या मुलामध्ये सर्वसाधारणपणे असतं त्याहून जास्त अवलंबून असणं यांच्यात दिसत नाही.

मी त्याला तीनदा वाचायला लावलं. आई-मुलामध्ये असतं त्याहून जास्त म्हणजे काय असतं गं? मला खरंच कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही. मी सुनेला विचारलं, ती म्हणाली, ते कायद्याचं मोजमाप आहे, आई. मोजमाप मला कळतं. पण टेप कुठून कुठवर धरायचा, हे तरी कोणी सांगायला हवं की नको?

तर इथे एक बरं आहे, नाही म्हटलं तरी त्यावर हरकत घेता येते. हरकत वकीलबाईंनी लिहायची आणि सोबत माझं निवेदन जोडायचं. तुझं 'त्यात काय एवढं' म्हणजे हे निवेदन.

रविवारी जेवणं झाल्यावर मुलाने ते माझ्यापुढे ठेवलं. इंग्रजीत दीड पान. "आई, हे तुझं निवेदन. शुक्रवारी पाठवायचंय, त्याआधी सही कर."

"माझं निवेदन, आणि मलाच माहीत नाही? मराठीतून सांग की."

तो एकेक वाक्य सांगत गेला. मी एकटी राहू शकत नाही. मला अंघोळीला आणि कपडे घालायला मदत लागते. मी स्वयंपाक करू शकत नाही. मी सोबतीशिवाय घराबाहेर पडू शकत नाही. माझी मला कुठलीच गोष्ट करता येत नाही.

"मग आजच्या पोळ्या कुणी केल्या रे?"

"आई, पोळ्यांचा इथे काय संबंध?"

"सहा खाल्ल्यास आत्ता. संबंध नाही कसा?"

तो हसला नाही. त्याने चष्मा काढून डोळे चोळले. त्याच्या वडिलांची सवय. सून भांडी मशीनमध्ये लावत होती, तिथूनच म्हणाली, "आई, खोटं नाहीये हो ते. थोडं पुढचं आहे, इतकंच."

थोडं पुढचं! ती मनाने वाईट नाही, आणि बोलली तेही एका परीने बरोबरच होतं. आज ना उद्या ते सगळं व्हायचंच आहे. पण आजच लिहून द्यायचं? मी म्हटलं, विचार करते. मुलगा म्हणाला, "विचार काय करायचाय? सही केली नाहीस तर परत जावं लागेल आणि मग तीन-तीन महिने हेच चालू. तुला राहायचंय ना इथे?"

राहायचंय. ते मी लपवून ठेवणार नाही. मला नातीजवळ राहायचंय, आणि रात्री झोपताना घरात कोणाचा तरी खोकला ऐकू यावा असं वाटतं. पण त्या दीड पानातली बाई कोण होती, ते मला ओळखू येईना. सोमवारी तो कागद टेबलावर होता, मंगळवारीही होता. मी पुसायला गेले की तो उचलायची, टेबल पुसायची, पुन्हा ठेवायची. तू फोन केलास तो मंगळवारी.

बुधवारी इथल्या शाळा दुपारी लवकर सुटतात. नातीच्या वर्गाला एक काम दिलं होतं. गावातलं, रस्त्यावर कुठेही असलेलं एखादं शिल्प किंवा चित्र निवडायचं, तिथे जाऊन ते पाहायचं, कागदावर काढायचं आणि वर्गात सांगायचं. बाकीच्या पोरांनी जवळची निवडली. हिने निवडली ती पार नदीपलीकडची, रॉटरडॅमच्या जुन्या बंदराजवळची एक भिंत. का, तर फोटोत ती लाल-पांढरी दिसत होती. आई-बाबा दोघेही मीटिंगमध्ये. तेव्हा ही बया म्हणते कशी, "आजी विल कम विथ मी."

मुलाने कानातला हेडफोन काढला आणि मला सांगितलं, "आई, आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा कार्ड लाव. गाडी बदलताना बोर्ड बघ. परत येताना उशीर करू नका." आणि हेडफोन पुन्हा कानात घातला. त्याच्या कोपराखाली तोच कागद होता, सोबतीशिवाय घराबाहेर पडू शकत नाही म्हणणारा. आता दहा वर्षांच्या मुलीला सोबत म्हणायचं की जबाबदारी? ती मला नेत होती की मी तिला, हे मला परत येईपर्यंत ठरवता आलं नाही. गाडी बदलताना ती चुकीच्या बाजूला निघाली तेव्हा मी तिचं दप्तर ओढलं, आणि मी कार्ड लावायला विसरले तेव्हा तिने माझी बाही ओढली.

स्टेशनबाहेर पडलो तर वारा असा, की माझी शाल मला सोडून निघाली. पूल ओलांडला, धक्क्याच्या कडेकडेने चाललो, आणि एका जुन्या विटांच्या गोदामापाशी ती भिंत आली. लांबच लांब. वर पांढऱ्या फरश्या बसवलेल्या, प्रत्येक फरशी जेवणाच्या ताटाएवढी, आणि प्रत्येकीवर लाल रेघांची गोल गोल वेटोळी. लांबून मला रांगोळीच वाटली. म्हटलं, वा! इथे कुणी काढली? जवळ गेल्यावर कळलं, अंगठे आहेत. माणसाच्या अंगठ्याचे ठसे, मोठे करून काढलेले. खाली कोपऱ्यात काळ्या रंगात काहीतरी नक्षी, दोन-तीन चिन्हं. फरशी बनवणाऱ्याची खूण असते तशी.

मी नातीला शंख आणि चक्र शिकवलं. रेघा पुऱ्या गोल फिरल्या तर चक्र, एका बाजूने सुटल्या तर शंख. ज्याच्या बोटांवर चक्रं जास्त तो भाग्याचा. ती लगेच मोजायला लागली, "चक्र, चक्र, शंख, चक्र, आजी धिस वन इज ब्रोकन." आणि मी काय केलं, सांगू? बूट काढले. ओल्या धक्क्यावर. लाल ठसे म्हटले की आपल्याला कुंकवाचे हात आठवतात, लग्नघराच्या भिंतीवरचे. मला वाटलं, काहीतरी शुभ आहे, नाहीतर कुणा गेलेल्यांचं आहे. दोन्हीपैकी काहीही असलं तरी पायात बूट बरे नव्हेत. हात जोडले.

"आजी! दू नॉर्माल!" नात दबक्या आवाजात ओरडली. नीट वाग म्हणते, मला! ही इथली सगळ्यांची आवडती आज्ञा. "पीपल आर लुकिंग!"

लोक म्हणजे एकच बाई होती. माझ्याच वयाची, चिनी दिसणारी, केस बारीक कापलेले, अंगात निळं जाकीट. एका हातात बादली, दुसऱ्यात ब्रश. समुद्रपक्ष्यांनी फरश्यांवर जे करून ठेवलं होतं ते घासत होती. ती माझ्या उघड्या मोज्यांकडे बघत होती. नातीला तिने डच भाषेत काहीतरी विचारलं.

"ती विचारते, तुझी ओमा ओके आहे का." ओमा म्हणजे इथली आजी.

"सांग, ओके आहे. आणि विचार, हे अंगठे कुणाचे?"

तर ते होते चिनी खलाशांचे. बोटींच्या भट्टीत कोळसा टाकणारी माणसं, फार जुन्या काळी इथे आलेली, या वस्तीत दाटीवाटीने राहणारी. या बाईचे आजोबा त्यांच्यातलेच. मला भरून आलं. अंगठा म्हटला की मला माझी आई दिसते, तुझी आजी. जन्मभर तिने अंगठा दिला. शाईची डबी पुढे आली की ती आधी पदराला हात पुसायची आणि कुणाच्याच तोंडाकडे बघायची नाही. मी अक्षर न् अक्षर शिकले ते त्या डबीच्या भीतीने. तेव्हा मी काय म्हटलं असेल? म्हटलं, "बिचारे! लिहिता येत नव्हतं ना! माझी आईही तशीच होती. यांना सांग, त्यात लाज नाही, मीसुद्धा चौथीपुढचं घरीच शिकले."

मला वाटलं होतं, नात हे गाळेल. एरवी निम्मं गाळते. हे मात्र तिने अगदी सगळं सांगितलं, माझ्याकडे बोट दाखवून.

बाईचा ब्रश थांबला. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग तडतड बोलली. नातीचे कान लाल झाले.

"काय म्हणते?"

"शी इज अ बिट अँग्री, आजी. ती म्हणते, त्यांना लिहिता येत होतं. त्यांनी लिहिलं ते ऑफिसमधल्या लोकांना वाचता येत नव्हतं."

आणि त्या बाईने मला जवळ ओढलं, म्हणजे खरंच दंडाला धरून ओढलं, आणि ओल्या बोटाने फरशीचा कोपरा दाखवला. ती काळी नक्षी. ती खूण नव्हती गं. नावं होती ती. प्रत्येक अंगठ्याशेजारी ज्याचं त्याचं नाव, त्याच्या लिपीत, त्याच्या हातचं. मी आयुष्यभर नावं लिहिलेली बाई, आणि नाव समोर असून नक्षी समजले.

तिने पुढे सांगितलं ते नातीच्या भाषांतरातून माझ्यापर्यंत आलं. म्हणजे गळक्या बादलीतून पाणी आणावं तसं. तिच्या म्हणण्याप्रमाणे असा नियम होता, की दुसऱ्या देशांचे खलाशी नोंदीला आले तर त्यांनी सही करायची आणि चिनी आले तर त्यांनी अंगठा द्यायचा. का, तर म्हणे तुम्ही सगळे सारखेच दिसता. अंगठा चोरांचाही घेतात. काम कमी झालं तसे यांच्यातले पुष्कळ जण जास्तीचे ठरवले आणि बोटीत घालून परत पाठवायला लागले. तेव्हा ही माणसं एका खोलीत जमली आणि ठरवलं, अंगठा मागता ना, देऊ, पण शेजारी नाव लिहू. कागदावर त्याला जागा नव्हती. तरी लिहायचं. कारकून कागद फाडायचा, नवा द्यायचा, हे पुन्हा लिहायचे. एकेकाला चार-चार कागद. मागे रांग उभी. कोणी ओरडत नव्हतं, कोणी हात उचलत नव्हतं. नुसते लिहीत होते.

"मग नियम बदलला का?" मी विचारलं.

नातीने विचारलं, बाई बोलली, नात गोंधळली. "ती म्हणते, हो. आफ्टर. बट नॉट बिकॉज. ऑर मेबी बिकॉज. आजी, आय डोन्ट नो द वर्ड."

"आणि तिचे आजोबा? राहिले की पाठवले?"

"पाठवले. देन ही केम बॅक. दुसऱ्या बोटीने."

"म्हणजे जिंकले की हरले?"

नातीने हेही विचारलं. बाईने खांदे उडवले, बादलीतलं पाणी भिंतीच्या पायाशी ओतलं आणि स्वतःकडे बोट दाखवून एक शब्द बोलली. नात म्हणाली, "ती म्हणते, मी आहे." आता याचा अर्थ काय लावायचा? जिंकले, असा लावावा, तर तिच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. ती पुढची फरशी घासायला लागली होती.

मी माझे हात पुढे केले. का केले ते माहीत नाही, चूक झाल्यावर काहीतरी द्यावंसं वाटतं आणि जवळ दुसरं काही नव्हतं. नातीला म्हटलं, सांग, व्हिसा काढताना माझीही दहा बोटं घेतात, काचेवर. सुईने झिजलीत, उठतच नाहीत. तिथली मुलगी मला दर वेळी सांगते, आजी, बोट कपाळाला घासा, तेल लागतं, मग उठेल. मी कपाळाला बोटं घासत बसते आणि मागची रांग बघत असते. बाईने माझा अंगठा उलटा करून पाहिला. मग स्वतःचा दाखवला. तोही गुळगुळीत. धुलाईच्या दुकानात काम केलं म्हणे चाळीस वर्षं. आम्ही दोघी त्या वाऱ्यात एकमेकींचे अंगठे बघत उभ्या, मी अजून मोज्यांवर. नात म्हणाली, "कॅन वी गो?"

निघताना बाईने एकच विचारलं. नातीने मला न सांगताच उत्तर दिलं, "या." म्हणजे हो.

"काय विचारलं तिने?"

"तू इथे राहतेस का, विचारलं."

"आणि तू हो म्हणालीस?"

"तू राहतेस ना?"

मी खाली वाकून बूट घालत राहिले.

आता तुला वाटेल, की मी ते सगळं बघून आले आणि घरी येऊन कागद टराटरा फाडला. तसं काही झालं नाही बाई. उलट डोकं जास्तच फिरलं. त्या माणसांना जबरदस्तीने अंगठा द्यायला लावत होते. माझ्यावर कुठली जबरदस्ती? माझा मुलगा माझ्यासाठी धडपडतो आहे, सून धडपडते आहे, आणि मी त्यांच्याशी पोळ्यांवरून भांडते आहे. त्या खलाशांशी मी माझी बरोबरी करते आहे, याचं माझं मलाच हसू आलं. पण डोळे मिटले की तो कारकून कागद फाडायचा आणि मला माझं दीड पान दिसायचं.

आणि आणखी एक होतं. ते तुलाही माहीत नाही, तुझ्या आईलाही नाही. आता ऐक.

गेल्या श्रावणात मी पुण्याच्या फ्लॅटमध्ये न्हाणीघरात पडले, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. मी सांगितलं होतं, जरा पाय घसरला, दहा मिनिटांत उठले. ते खरं नाही. अडीच तास पडून होते. हाड मोडलं नव्हतं, पण उठता येईना. नळ थेंब थेंब गळत होता आणि बादली भरून वाहायला लागली तरी मी तिथेच. खालच्या मजल्यावरची बाई ब्लाउजला हुक लावून घ्यायला आली म्हणून सुटले. बेल वाजवून वाजवून तिला शंका आली, तिने शेजारच्याकडची किल्ली आणली. तेव्हापासून मी न्हाणीची कडी लावत नाही. अंघोळीला जाताना खिडकीतून तिला हाक मारते, "जाते गं!" बाहेर आले की, "आले गं!" ती तिकडून भांडं वाजवते. असं रोज.

हे मी मुलाला का नाही सांगितलं? तो काळजी करेल म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. पण काळजी हे निम्मंच कारण. मला पडलेली म्हातारी व्हायचं नव्हतं. म्हणजे बघ काय झालं होतं. जे खरं झालं ते मी लपवलं, आणि जे झालं नाही ते लिहून मुलगा माझ्याकडे सही मागत होता.

गुरुवारी सगळे गेल्यावर मी वही घेऊन बसले. मराठीत लिहिलं. दोन पानं झाली. मी पोळ्या करते, भाजी करते, गॅस बंद करायला दोनदा विसरले आहे, रोज विसरत नाही. अंघोळ माझी मी करते, पण कडी लावत नाही, आणि का लावत नाही ते. मेट्रोने जाते, नात बरोबर असली तर जास्त बरं. न्हाणीतले अडीच तास लिहिले. खिडकीतली हाक लिहिली, भांडं वाजवायचं लिहिलं. शेवटी लिहिलं, आई-मुलामध्ये असतं त्याहून जास्त काय असतं, हे मला माहीत नाही, पण जेवढं असतं तेवढं आहे, आणि मला त्याच्या जवळ राहायचं आहे. दोन ठिकाणी खोडलं. खोडलेलं तसंच ठेवलं.

शुक्रवारी सकाळी मुलाच्या कॉफीशेजारी ठेवलं. तो उभ्यानेच वाचायला लागला. दुसऱ्या पानावर बसला.

"अडीच तास?"

"हो."

"तू मला दहा मिनिटं म्हणालीस."

"म्हणाले."

तो उठला आणि सिंकपाशी जाऊन धुतलेलाच कप पुन्हा धुवायला लागला. पाठ माझ्याकडे. मग वळला तो चिडूनच. "आणि मला म्हणत होतीस, कागदात खोटं आहे! मग खोटं कोण बोललं, आई? मी की तू?"

याला मी काय उत्तर देऊ? तूच सांग. सून मध्ये आली. ती पानं तिने हातात घेतली, वाचली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि नुसतं म्हणाली, "मी करते इंग्रजी." ऑफिसला त्या दिवशी ती उशिरा गेली.

दुपारी वकीलबाई कॉम्प्युटरच्या पडद्यावर आल्या. चांगल्या आहेत, पण चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळत नाही. मुलाने सांगितलं, त्या म्हणतात, हे पहिल्यापेक्षा चांगलं आहे. मग म्हणाला, त्या म्हणतात, हे धोक्याचंही आहे, कारण तुम्हाला बरंच काही करता येतं असं यात तुम्हीच लिहून दिलं आहे. मी म्हटलं, मग पाठवायचं की नाही? तर म्हणे ते तुम्ही ठरवायचं. मी आजवर ब्लाउजचा गळासुद्धा गिऱ्हाइकाला विचारून कापला, आणि इथे एवढी शिकलेली बाई मलाच म्हणते, तुम्ही ठरवा!

मी म्हटलं, पाठवा. मराठीवर सही केली, सुनेने केलेल्या इंग्रजीवरही केली. ते दीड पान तसंच राहिलं. कुणी फाडलं नाही, कुणी विचारलंही नाही. परवा बघितलं तर नातीने त्याच्या मागे तिचं शाळेचं चित्र काढलं होतं.

उत्तर यायला महिने लागतील. हो येईल की नाही येईल, मला काही अंदाज नाही, आणि नाही आलं तर ते माझ्या त्या दोन पानांमुळे आलं का, हेही मला कधी कळणार नाही. मुलगा दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलला. तिसऱ्या दिवशी मी अंघोळीला निघाले तर पलीकडच्या खोलीतून, पडद्यावर कुणाशी तरी बोलता बोलता, म्हणाला, "आई, आत गेलीस की सांग." मी म्हटलं, "जाते रे." एवढंच. तो रागावलेला आहे की नाही, तेही नीटसं कळत नाही.

तर अशी ही सही, त्यात काय एवढं म्हणत होतीस ती. मी बरोबर केलं की सगळ्यांच्या कष्टांवर पाणी ओतलं, ते तू समोर बसून सांग. फोनवर नको, फोनवर तुझं लक्ष नसतं. आणि वहिनीला मध्ये घालू नकोस. या खेपेचा व्हिसा पाच आठवड्यांत संपतो, मग पुन्हा तीन महिने मी तिकडे. त्याआधी ये. या शनिवारी ये, नाहीतर पुढच्या. जावईबापूंना आण, त्यांना थालीपीठ आवडतं, भाजणी मी पुण्याहून आणलेली आहे. गाडीत बसलीस की मेसेज टाक. स्टेशनवर घ्यायला मी येते, एकटी. कार्ड लावायचं आता विसरत नाही. ये गं, लवकर ये.